आय म्हणजे काय?

हातातलं काम हातातच राहू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, भाकरी थापत असाल तर थापत राहा. आज बोलायचं आहे ते अवघ्या दोन अक्षरांबद्दल. आ आणि य. आय.

एवढ्याशा शब्दासाठी अख्खा कार्यक्रम कशाला, असं कुणाला वाटेल. पण लहान शब्द हे घरातल्या सुईसारखे असतात. दिसत नाहीत, पण दिवसातून दहा वेळा लागतात, आणि नजर चुकली की टोचतात. हा शब्द कसा टोचतो ते आधी सांगते.

मागे एका गटाच्या बैठकीत मुलांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचं काम चाललं होतं. फॉर्म हिंदीत होता. एका रकान्यावर लिहिलं होतं, ‘माता की वार्षिक आय’. चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचणारी एक बाई तिथे येऊन थांबली. मातेची आय, म्हणजे आपली आय. सरकारला मुलाच्या आजीचं नाव हवं असणार, असं म्हणून तिने आपल्या आईचं नाव सुबक अक्षरात लिहून टाकलं. ‘वार्षिक’ कशाला, हा प्रश्न तिलाही पडला होता. पण दरवर्षी नव्याने लिहावं लागत असेल, असं तिने मनाशी ठरवलं.

सगळ्या हसल्या, तीही हसली. पण नीट बघितलं तर तिने वाचलं ते बरोबरच होतं. फक्त फॉर्म हिंदीत होता आणि तिने तो आपल्या मराठीतून वाचला. हिंदी फॉर्मातली आय म्हणजे उत्पन्न, मिळकत. तिच्या तोंडातली आय म्हणजे जन्म दिलेली आई. अक्षरं तीच, उच्चार तोच, आणि दोन्ही अर्थ खरे.

आता उत्पन्नाला आय का म्हणतात ते बघू. संस्कृतात ‘इ’ म्हणून एक इवलासा धातू आहे. त्याचा अर्थ जाणे. त्याला मागे ‘आ’ लावला की जाण्याचं येणं होतं. जे आपल्याकडे येतं ते ‘आय’. आणि जे आपल्यापासून पांगून जातं तो ‘व्यय’. म्हणून हिशेबाच्या कागदाला आयव्यय पत्रक म्हणतात. आपण गटाच्या वहीत जमा आणि खर्च लिहितो, ग्रामपंचायतीत आवक-जावक वही असते, सगळं एकच. येणं आणि जाणं. आयकर हा शब्दही तिथलाच. येणाऱ्या पैशावरचा कर तो आयकर, ज्याला मराठीत प्राप्तिकरही म्हणतात.

गंमत पुढे आहे. हा ‘आय’ आपल्या रोजच्या बोलण्यातल्या कितीतरी शब्दांच्या पोटात लपून बसलेला आहे. उपाय घ्या. उप म्हणजे जवळ. अडचणीच्या जवळ जाण्याची वाट, तो उपाय. अपाय म्हणजे दूर जाणं, निसटणं, म्हणून नुकसान. पर्याय म्हणजे वळसा घालून जाणं, दुसरी वाट. न्याय यातही तोच आहे, आणि अध्याय यातही. आणि समुदाय! सम् म्हणजे एकत्र, उद् म्हणजे वर. एकत्र येऊन उठणं म्हणजे समुदाय. आपल्या या रेडिओला सामुदायिक रेडिओ म्हणतात, त्या नावातही हा आय बसलेला आहे. व्यवसाय, गाय, पाय यांतही तो दिसतो, पण तिथे तो नुसता कानाला ऐकू येतो. मुळात त्यांचं कूळ वेगळं. माणसांचंही असंच असतं की. आडनाव एक असलं म्हणून सगळे भावकीतले नसतात.

तर ‘येतं ते आय’. हे धरून आपल्या गटाच्या वहीकडे बघा. दूध काढणारी बाई, शेण काढणारी बाई, वैरण आणणारी बाई, आणि डेअरीचं पुस्तक नवऱ्याच्या नावावर. फॉर्ममध्ये ‘माता की आय’ या रकान्यात सर्रास शून्य पडतं. चार कोंबड्यांची अंडी विकलेली असतात, शेळीचं बोकड बाजाराला गेलेलं असतं, शिलाई झालेली असते, दुसऱ्याच्या शेतात खुरपणीचे दिवस भरलेले असतात, तरी शून्यच. सरकारी फॉर्ममध्ये दाखल्यावर असेल तेच लिहावं लागतं, तिथे मनाने आकडा घालू नका. पण आपल्या वहीला कुठलाही तहसीलदार लागत नाही. तिथे आलेलं आलं म्हणून लिहा. वर्षभर लिहिलेली अशी वही कर्ज मागायला जाताना हातात असली, तर बोलणं सोपं जातं.

फॉर्मवर आईचं नाव लिहिण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या मार्च महिन्यात निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदपत्रांवर लिहिताना आधी बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम लावायचा. आधी आईच्या नावाला निराळा रकाना असायचा, आता ते नावाच्या ओळीतच आलं. घरात नवं बाळ आलं असेल तर जन्मदाखला घेताना हा क्रम बघून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी हेलपाटे घालण्यापेक्षा तेव्हाच बघितलेलं बरं.

आता दुसरी आय. आपली.

पुस्तकात ‘आई’ असते. घराघरात मात्र तिला किती नावं! विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात माय. पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव आय. मालवणी मुलखात आवस आणि हाक मारताना आये. कोंकणीत आवय. कोळ्या-आगऱ्यांच्या बोलीत पुन्हा आय. हे शब्द नदीच्या फाट्यांसारखे आहेत. एक फाटा छापखान्यात गेला, शाळेच्या पुस्तकात गेला, त्याला प्रमाण म्हटलं. बाकीचे फाटे घराघरातून वाहत राहिले. ते आटले नाहीत आणि गढूळही झाले नाहीत.

पण होतं काय? पोर शाळेत जातं. ‘माझी आय’ म्हणून निबंध लिहितं आणि त्याखाली लाल रेघ ओढली जाते. शाळेत ‘आई’ असं लिहायला शिकवावं, ते शिकवायलाच हवं. परीक्षा त्या भाषेत आहे, अर्ज त्या भाषेत आहे. माझी तक्रार त्या लाल रेघेबद्दल नाही. तक्रार आहे ती रेघ ओढताना जे हसू येतं त्याबद्दल. पोराला त्या हसण्यातून एवढंच कळतं की आपल्या घरात बोलतात ते गावंढळ आहे. मग ते पोर पालकसभेला म्हणतं, तू येऊ नकोस, आणि आली तर बोलू नकोस. आणि ती बाई खरंच बोलत नाही. ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न तिला सगळ्यांत जास्त ठाऊक असतो, रोज हंडा तीच वाहते, पण ‘माझं बोलणं असलं, मी काय बोलू’ म्हणून ती मागे बसून राहते. दोन अक्षरांवर हसल्याची किंमत ही एवढी मोठी असते.

त्या पोराला सांगायला आपल्याकडे चांगली गोष्ट आहे. पार तिकडे आसामात जा. हजारो मैल लांब, लिपी वेगळी, जेवण वेगळं. तिथेही आईला ‘आय’च म्हणतात, लिहितात आ आणि इ असं. तिथे देवी या रोगाच्या देवतेलाही लोक आई म्हणत आले, जशी आपल्याकडे पटकीची मरीआई. दोन मुलखांनी एकमेकांना न विचारता रोगाला आई म्हणून हाक मारली, कारण रागावलेल्या आईची समजूत काढता येते. ओडिशात ‘आई’ म्हणजे आईची आई, आजी. म्हणजे फॉर्म भरणाऱ्या आपल्या मैत्रिणीचा अर्थ तिकडे सरळ चालून गेला असता! सौराष्ट्रात देवीच्या नावाआधी आई लावतात, आई खोडियार. आणि सोलापूर, अक्कलकोट, जतकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको, कन्नडात ‘तायी’ म्हणजे आई. तामिळमध्येही ‘ताय’ म्हणजे आई. आपल्याकडे ताई म्हणजे थोरली बहीण. आईच्या मागे घर सांभाळते तीच, तेव्हा फार लांबचं नातं नाही म्हणायचं.

उलट हिंदीत ‘आई’ म्हणजे आली. मुंबईतल्या मराठी पोराने हिंदीत ‘मेरी आई आई’ म्हटलं, तर दोन्ही शब्द बरोबर असतात. पहिली आई मराठी, दुसरी हिंदी.

लागलं, ठेच बसली, की तोंडातून निघतं ‘आई गं!’ वय साठ असो की सहा. पोर्तुगालमध्ये लागलं की ‘आय!’ असंच ओरडतात, पण तिथे त्यात आई नसते. ते नुसतं कण्हणं असतं. त्याच पोर्तुगीज भाषेतला एक शब्द मात्र आपल्याकडे राहायला आला. ‘आया’, मूल सांभाळणारी बाई. १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं, इतक्या वर्षांत असे बरेच शब्द आपल्या भाषांत उतरले. आज अंगणवाडीपासून दवाखान्यापर्यंत आया आहेत, आणि पुष्कळांना वाटतं की हा शब्द आईवरूनच आला. तसं नाही, पण काम बघितलं तर असं वाटणं साहजिक आहे. (आईवरून शिवीही देतात, तेही हाच शब्द वापरून. त्यावर मी वेळ घालवत नाही. ज्यांना सोडायची ते सोडतील.)

आता जरा लांब जाऊन येऊ, तिकीट लागत नाही.

चीनमध्ये हाच उच्चार आहे, पण तिथे शब्द म्हणताना सूर कसा लावता त्यावर अर्थ ठरतो. आपण ‘काय’ म्हणताना रागाचा काय वेगळा, आश्चर्याचा काय वेगळा लावतो ना, तसं. फक्त तिथे सूर बदलला की शब्दच बदलतो. ‘आय’ एकसारख्या उंच सुरात म्हटलं तर दुःख. सूर चढवत नेला तर सोसणं. खाली नेऊन वर आणला तर बुटका. आणि ठासून खाली आणला तर माया, प्रेम. एका श्वासात दुःख, सोसणं आणि माया. जपानी भाषेतही आय म्हणजे प्रेम, आणि कापड रंगवायच्या निळीलाही तिथे आयच म्हणतात. व्हिएतनाममध्ये आय म्हणजे कोण. दारावर थाप पडली की आतून विचारायचं, आय? तुर्कस्तानात आय म्हणजे चंद्र, आणि महिन्यालाही आयच, कारण महिना चंद्रावरून मोजायचा. आपल्या तिथी तरी दुसऱ्या कशावरून मोजतो?

मला सगळ्यांत आवडला तो हवाई बेटांवरचा अर्थ. तिथे आय म्हणजे अन्न आणि खाणं, आणि त्यातही मुख्यतः अळूच्या कंदाचं. आपण अळूची पानं फतफत्याला आणि वड्यांना घेतो, ते लोक कंद शिजवून कुटतात आणि त्याचा दाट लगदा खातात. तो त्यांचा रोजचा घास, जशी आपली भाकरी.

फ्रेंच भाषेत इंग्रजी अक्षरांत हाच शब्द लिहितात, पण म्हणताना ‘ए’ म्हणतात. अर्थ, माझ्याजवळ आहे. लिहायचं एक आणि बोलायचं दुसरं, हे साऱ्या जगात चालतं. त्यांना कुणी गावंढळ म्हणत नाही.

आणि आता एक प्राणी. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात झाडाला उलटं लटकून राहणारा, पायाला तीन नख्या असलेला एक प्राणी आहे. इतका संथ की त्याच्या केसांत शेवाळ उगवतं आणि तो हिरवट दिसतो. झाडाची पानं खातो, आणि साधारण आठवड्यातून एकदा शौचाला तेवढा खाली उतरतो. तिथल्या तुपी भाषा बोलणाऱ्या आदिवासींनी त्याच्या ओरडण्यावरून त्याचं नाव ठेवलं. ते पोर्तुगीजांनी उचललं, पुढे इंग्रजीने घेतलं. इंग्रजीत त्याचं नाव आय. ए आणि आय ही दोनच अक्षरं.

हा प्राणी इंग्रजी बोलणाऱ्या पुष्कळांनी जन्मात पाहिलेला नसतो. तरी त्याचं नाव त्यांना तोंडपाठ असतं, ते एका खेळामुळे. खेळाचं नाव स्क्रॅबल. चौकटीचा पट, शंभर सोंगट्या, अठ्ठ्याण्णवांवर अक्षरं आणि दोन कोऱ्या. प्रत्येकाला सात सोंगट्या मिळतात, त्यांतून शब्द जुळवून पटावर मांडायचे. अमेरिकेत मोठी मंदी आली होती तेव्हा अल्फ्रेड बट्स नावाच्या, काम सुटलेल्या एका वास्तुरचनाकाराने हा खेळ रचला. कुठलं अक्षर किती वेळा लागतं हे ठरवायला त्याने वर्तमानपत्राच्या पानावरची अक्षरं मोजली. जे अक्षर सारखं येतं त्याच्या सोंगट्या जास्त आणि गुण कमी. जे क्वचित येतं त्याची सोंगटी एक आणि गुण दहा. १९४८ साली या खेळाला स्क्रॅबल हे नाव मिळालं आणि तो जगभर गेला.

या खेळात मोठे शब्द जिंकून देतात असं आपल्याला वाटेल. पण मुरलेले खेळाडू आधी दोन अक्षरी शब्द पाठ करतात. शंभराहून जास्त आहेत असे. कारण हातात नुसते स्वर अडकले, मोठा शब्द बनेना, जागा चिंचोळी उरली, की असा एखादा आय तिथे बसतो. त्याचे गुण फक्त दोन. पण तो शेजारच्या शब्दांना धरून बसतो आणि त्या शब्दांचेही गुण मिळवून देतो. बिशीत वीस-वीस रुपये टाकणाऱ्यांना हे गणित समजावून सांगायला नको.

याच दोन इंग्रजी अक्षरांचा आता बातम्यांत सुळसुळाट झाला आहे. एआय. संगणकाची कृत्रिम बुद्धिमत्ता. ‘एआयमुळे नोकऱ्या जाणार’ असं ऐकून एका दूध उत्पादक बाईने विचारलं, गाय भरवल्याने कुणाची नोकरी कशी जाते? तिचंही बरोबर. जनावरांचे डॉक्टर गेली कित्येक वर्षं ‘एआय केलं का?’ असंच विचारतात. तिथे एआय म्हणजे कृत्रिम रेतन. दोन्हींत कृत्रिम आहे, म्हणून पहिलं अक्षर तेच. दुसऱ्याचा अर्थ वेगळा. स्क्रॅबलमध्ये मात्र या दोन्ही एआयना मज्जाव. नावाची नुसती आद्याक्षरं तिथे चालत नाहीत, शब्द पूर्ण हवा. तिथे मान आहे तो झाडावर लटकणाऱ्या त्या संथ प्राण्याला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, आम्ही काय खेळायचं? आपल्याकडे खेळ आहेतच. उखाणे आहेत, कोडी आहेत, भेंड्या आहेत. शेवटचं अक्षर धरून पुढचा शब्द म्हणायचा, हा खेळ जपानमध्येही घरोघर खेळतात, त्याला शिरितोरी म्हणतात. तिथे एक अनुनासिक अक्षर असं आहे की त्याने शब्द सुरूच होत नाही. ते अक्षर शेवटी आलेला शब्द जो म्हणेल तो बाद. आपल्याकडे ळ आणि ण यांनी हीच पंचाईत होते.

स्क्रॅबल जसाच्या तसा मराठीत आणणं अवघड जातं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस. आपल्याकडे एकेका व्यंजनाची बाराखडी धरली तर चारशेच्या वर अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. एवढ्या सोंगट्या ठेवायच्या कुठे? म्हणून गटात खेळायला सोपी रीत सांगते. ज्यांनी नुकतं अक्षर ओळखायला सुरुवात केली आहे त्यांनाही ती जमते.

जुन्या लग्नपत्रिका घ्या. त्यांचा कागद जाड असतो, मागची बाजू कोरी असते. त्याचे बिडीच्या बंडलाएवढे तुकडे कापा. एका तुकड्यावर मोठ्या अक्षरात ‘ाय’ लिहा, म्हणजे य आणि त्याच्या आधी नुसता काना. बाकीच्या तुकड्यांवर क, ख, ग, ज, प, म, स, ह अशी व्यंजनं. पाळीपाळीने एकेक तुकडा उचलायचा, कान्याला लावायचा आणि वाचायचं. ज्या बाईला वाचता येत नाही तिलाही दोन-तीन शब्दांनंतर शेवट पाठ होतो, आणि मग ती पहिल्या अक्षरावर लक्ष देते. सगळं एकदम शिकायचं ओझं राहत नाही. तेवढ्यात मी एक कोडं घालते. ती गोठ्यात उभी, ही तिच्या दुधावर तरंगते, चार याने ती चालते, आणि बघून पोर विचारतं ते चौथं. चारही शब्द ‘ाय’नेच संपतात. भाकरी उलटेपर्यंत उत्तर निघायला हवं.

एक नियम मात्र पक्का करा. बोलीतला शब्द बाद करायचा नाही. ‘बाय’ म्हटलं आणि कुणी म्हणालं हा इंग्रजी, तर कोकणातल्या मैत्रिणीला विचारा, तिच्याकडे लाडक्या लेकीला बाय म्हणतात. ज्या बाईने शब्द टाकला तिने अर्थ सांगायचा, वाक्य करून दाखवायचं, आणि इतर कुणीतरी तो शब्द ऐकलेला असायला हवा. एवढी साक्ष पुरे. दोन बायांच्या तोंडी आहे तो शब्द खरा.

खेळता खेळता द चा तुकडा निघेल आणि होईल ‘दाय’. हा शब्द आता कमी ऐकू येतो. दाय म्हणजे वारशाने मिळणारा वाटा. दायाद म्हणजे वाटेकरी. हा शब्द निघाला की खेळ थांबतो, प्रश्न सुरू होतात. थांबू द्या. हिंदू वारसा कायद्यात आपल्या राज्याने १९९४ साली बदल केला, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. २००५ साली साऱ्या देशासाठी कायदा बदलला आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. तलाठ्याकडे सातबाऱ्यावर सही करायला बोलावलं, तर कागदाचं नाव वाचा. ‘हक्कसोड’ असं असेल तर आपण दाय सोडतो आहोत हे कळून सही करा किंवा करू नका. ते तुमचं तुम्ही ठरवायचं, पण वाचून.

न चा तुकडा जास्त वापरायचा असेल तर न अर्धा करून त्याला य जोडावा लागतो, तेव्हा न्याय होतो. जोडाक्षरं दुसऱ्या आठवड्यात घ्या, पहिल्या दिवशी नको. आणि भेंड्या खेळणार असाल तर ळ आला की ल घ्यायचा, ण आला की न, हे बसतानाच ठरवून घ्या. नाहीतर बैठकीचा वेळ त्याच भांडणात जातो आणि हप्ते गोळा करायचे राहून जातात.